खणखणीत बाल्कनी

यंत्र गप्प होतं, आणि हातोडीबाईला आधी राग आला तो यंत्राचाच.

काँक्रीटच्या पोटात सळई नेमकी कुठे आहे ते सांगणारं हे यंत्र. आकाराने इस्त्रीएवढं, खाली चार चाकं, जमिनीवरून फिरवत न्यायचं, लोखंडावर आलं की ते टीं करून ओरडतं. सकाळी निघताना तिने ऑफिसच्या खांबावर ते चालवून बघितलं होतं, तेव्हा चांगलं कोकलत होतं. आता वडिलांच्या बाल्कनीत, दाराला लागून असलेल्या फरशीवर ती गुडघे टेकून ते पुढे-मागे सरकवत होती, आणि पठ्ठं तोंडातून अवाक्षर काढायला तयार नव्हतं.

"बॅटरी उतरली असेल," धाकटा भाऊ म्हणाला. जगातल्या कुठल्याही बंद पडलेल्या वस्तूबद्दल त्याचं हेच मत असायचं.

"सकाळीच भरलीय."

"मग यंत्र उतरलं असेल."

बाल्कनीच्या टोकाला, कठड्याजवळ, बाबा खुर्चीत बसले होते. पाय कोमट पाण्याच्या टबात, नजर समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून दिसणाऱ्या समुद्राच्या पट्टीवर. त्यांच्या खुर्चीशेजारी ड्रिलवाला उकिडवा बसून होता. मशीन मांडीवर, वायर घरात गेलेली, आणि चेहऱ्यावर खोळंबा झालेल्या माणसाचा भाव. "बाई, मारू का भोकं? चारच तर आहेत," त्याने विचारलं.

"मी खूण केल्याशिवाय हात लावायचा नाही."

हातोडीबाई हे तिचं घरचं नाव नव्हे. ते ऑफिसने ठेवलेलं. जुन्या इमारती, पूल, पाण्याच्या टाक्या यांची तब्येत तपासणं हा तिचा धंदा, आणि त्यासाठी तिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी एक छोटी हातोडी कायम असायची. चांगलं काँक्रीट ठोकलं की खण्ण वाजतं. आतून सुटलेलं, फुगलेलं असेल तर भद्द. या दोन आवाजांवर तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कुणाकडे चहाला गेली तरी बोलता बोलता हिचा हात पर्समध्ये जायचा आणि यजमान आपल्याच भिंतींकडे बघायला लागायचे. लग्नाआधी सासरच्या घरचा खांब वाजवून मगच तिने होकार दिला, असं ऑफिसात अजून सांगतात. तिने ते कधी नाकारलेलं नाही.

आज मात्र ती कामावर नव्हती. आज खुर्ची बसवायची होती.

बाबा न्हावी. आयुष्यभर एका लहानशा दुकानात उभे राहिले. त्यांच्या वस्तऱ्याखाली गावातल्या मोठमोठ्यांनी माना टेकल्या होत्या. दुकानाची खुर्ची बिडाची, गोल फिरणारी, मागे कलणारी, आणि वजनाला म्हशीला भारी. बाबांनी त्या खुर्चीभोवती लाखो फेऱ्या मारल्या असतील, पण तिच्यात बसले मात्र कधी नाहीत. ती गिऱ्हाइकाची जागा, असं म्हणायचे. दुकान बंद केल्यावर खुर्ची भंगारात द्यायची वेळ आली तेव्हा धाकट्याने पहिल्यांदाच शहाणपण केलं आणि ती घरी आणली. चार हमाल, पहिल्या मजल्यापर्यंतचे दोन जिने आणि भरपूर शिव्या खर्ची पडल्या. काल संध्याकाळी ती बाल्कनीत येऊन पोचली, आणि आज बाबा पहिल्यांदाच तिच्यात बसले होते. खुर्ची मागे कलली की उलथण्याची भीती, म्हणून तिची बैठक फरशीला बोल्टने पक्की करायची होती. बोल्टसाठी भोकं पाडायची, आणि भोक पाडताना आतली सळई कापली जाऊ नये म्हणून ताईसाहेब यंत्र घेऊन आल्या होत्या. दुसऱ्यांच्या घरी लोक वाट्टेल तिथे ड्रिल मारतात. तिच्या बापाच्या बाल्कनीत एका सळईला ओरखडा उठता कामा नये, असा तिचा हट्ट.

या बाल्कनीवर तिचा जीव होता. काही वर्षांपूर्वी एका पुलाच्या कामावरचा भारी रंग उरला होता. रबरासारखा जाड, पांढराशुभ्र, पाण्याचा थेंबही आरपार जाऊ न देणारा. तो आणून तिने बाल्कनीचं खालचं अंग आणि कडा स्वतः उभं राहून रंगवून घेतल्या होत्या. समुद्र जवळ, हवेत खार, लोखंडाचा कर्दनकाळ. बाबांची बाल्कनी अशी काही झळकायला लागली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला आणि दोन्ही विंगच्या सगळ्या बाल्कन्यांना तोच रंग लागला. लावून घेणारी अर्थात हीच.

शिवाय वर्षातून एकदा ती खालच्या अंगणात उभी राहायची, लांब बांबूच्या टोकाला हातोडी बांधायची आणि बाल्कनी खालून वाजवायची. बाल्कनीच्या सावलीत इस्त्रीवाल्याचं टेबल असायचं. तो कुरकुरत टेबल बाजूला घ्यायचा. खण्ण, खण्ण, खण्ण. "खणखणीत आहे, बाबा!" ती खालून ओरडायची. "म्हणजे अजून जगायला हरकत नाही!" वरून उत्तर यायचं. बापलेकीचा हा ठरलेला खेळ होता, आणि तो आटोपला की शेजारीपाजारी आपापल्या बाल्कन्या वाजवून घ्यायला रांग लावायचे.

तिने यंत्र उचललं आणि दाराच्या लोखंडी कडीला लावलं. टीं. ठणठणीत होतं.

पुन्हा फरशीवर ठेवलं. बाल्कनीच्या मध्यावर नेलं. टीं, जरा अंतराने पुन्हा टीं. सळया तिथे होत्या. मग ती भिंतीकडे सरकत आली तसतसा आवाज बारीक होत गेला, आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर पार बंद झाला. या कडेपासून त्या कडेपर्यंत तिने ते फिरवलं. मध्ये कुठेतरी दोनदा कण्हल्यासारखं वाजलं, तेवढंच.

आता तिचा राग गेला होता आणि त्याच्या जागी काहीतरी गार शिरत होतं. कारण बाल्कनी म्हणजे भिंतीतून पुढे काढलेला हात. हात लांब करून पाण्याची बादली धरली की खांदा भरून येतो, तसा बाल्कनीचा सगळा ताण भिंतीपाशी येतो, आणि तोही वरच्या अंगाला. म्हणून भिंतीतून निघालेल्या सळया वरच्या बाजूला, फरशीखाली लगेच असतात, आणि म्हणूनच तिने खुणा करायला भिंतीपासून सुरुवात केली होती. सगळीकडे यंत्र गप्प राहिलं तरी चालेल. इथे ते ओरडलंच पाहिजे.

"फरशी जाड असेल," ती स्वतःशीच म्हणाली. "खाली भर टाकली असेल."

"म्हणजे?" धाकट्याने विचारलं.

"छिन्नी दे. ही एक फरशी काढायची आहे."

"अगं, नवीन आहे ती!" बाबा मागे न बघता म्हणाले. फरशीवर छिन्नी लावायची भाषा त्यांना पाठमोरीही कळत होती.

फरशी निघाली. खालचा थर ओला होता. ओला म्हणजे नुकता भिजलेला नव्हे; तळघरातल्या भिंतीसारखा, कायमचा ओला. तिने बोटाने चाचपलं आणि सवयीने बोट जिभेला लावलं. खारट.

बाबांचे पाय सुजायचे. उभ्याने काढलेल्या आयुष्याचं ते पेन्शन. कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकून पाय बुडवून बसा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. डॉक्टरांची चिमूट म्हणजे बाबांची मूठ आणि डॉक्टरांची मूठ म्हणजे बाबांचं वाडगं. घरात जाड्या मिठाचं पोतंच असायचं. रोज संध्याकाळी हा कार्यक्रम, आणि तो संपला की तेच पाणी बाल्कनीत ओतून खराट्याने फरशी स्वच्छ. पाणी फुकट का घालवायचं, हा त्यांचा प्रश्न, आणि घरात कुणाकडे त्याचं उत्तर नव्हतं. तिच्याकडेही नव्हतं. उलट तिला त्याचं कौतुक वाटायचं.

तिने पर्समधून हातोडी काढली आणि उघड्या पडलेल्या काँक्रीटवर मारली.

खण्ण.

हुश्श. काँक्रीट उत्तम होतं. इतकं उत्तम की छिन्नीला दाद देईना. ठोकून ठोकून तिच्या मनगटाला कळ लागली. मग एक खपली उडाली, आणि तिच्याखाली सळई असायला हवी होती तिथे चिखल होता.

काळा चिखल, हिरव्या झाकेचा. बोटाला लागला तो थंड आणि गुळगुळीत. तिने बोट उजेडात धरलं. आणि धरलं असतानाच, तिच्या डोळ्यांदेखत, तो रंग बदलायला लागला. कडेने मातकट झाला, मग तपकिरी. उघडी हवा लागताच गंज आपला नेहमीचा वेष चढवत होता.



लाल गंज तिच्या ओळखीचा होता, म्हणजे जवळजवळ घरचाच. तो गंज बोलका. लोखंड फुगवतो, काँक्रीट फोडतो, खाली डाग पाडतो, हातोडी मारली की भद्द म्हणतो. जीव घेण्याआधी तो वर्षानुवर्षं दारावर थापा मारतो. हा दुसरा होता. जिथे खारं पाणी शिरतं पण हवा पोचत नाही, तिथे लोखंड फुगत नाही, नुसतं विरघळून जातं. काँक्रीट जागचं हलत नाही, तडा नाही, डाग नाही. पुस्तकात तिने हे वाचलं होतं. नव्या पोरांना शिकवताना फोटोही दाखवला होता आणि वर म्हणाली होती, हे क्वचित होतं, फार डोकं लावू नका.

तिने त्या चिखलात स्क्रूड्रायव्हर घातला. तो अडला नाही. जरा आत, भिंतीच्या बाजूला, टोक कशाला तरी लागलं. तिने खरवडून बघितलं. सळईच होती. अंगठ्याएवढ्या सळईचं टोक शिसपेन्सिलीसारखं निमुळतं होत होत संपलं होतं.

बाजूला दुसरं भोक पाडलं. तेच. तिसरं. तेच.

हवा का पोचली नाही, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि विचारतानाच उत्तर मिळालं. वरून रोज खारं पाणी मुरत होतं. ते खालून पाझरलं असतं, वाळलं असतं, डाग पडला असता, एखादा पोपडा इस्त्रीवाल्याच्या डोक्यावर पडला असता आणि त्याने शंख केला असता. पण खालचं तोंड बंद होतं. पुलावरचा भारी रंग. थेंबही आरपार जाऊ न देणारा. तिने स्वतः उभं राहून लावलेला.

आणि मग तिला बाकीचं दिसलं. बिडाची खुर्ची, बाबा, पाण्याने भरलेला टब, ड्रिलवाला, त्याचं मशीन, धाकटा आणि ती स्वतः, असे सगळे मिळून ते कशावर उभे होते ते दिसलं. काल संध्याकाळी याच फरशीवर चार हमाल खुर्ची घेऊन नाचले होते.

"बाई, हे असंच चालायचं असेल तर मी तोवर एक मारून बघतो," ड्रिलवाला म्हणाला आणि त्याने मशीनचा खटका दाबला.

"हलू नका."

तिचा आवाज मोठा नव्हता. पण ड्रिलवाल्याचं बोट खटक्यावरून सुटलं, धाकट्याचं तोंड उघडं राहिलं, आणि बाबांनी इतक्या वेळात पहिल्यांदा मान वळवली. कारण तो आवाज त्यांचाच होता. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवताना ते याच आवाजात म्हणायचे, हलू नका. ओरडून नाही, विनवून नाही. मोठमोठे अंमलदार त्या दोन शब्दांवर श्वास रोखून धरायचे.

"काय झालं गं?" बाबांनी विचारलं.

"सांगते. आधी कुणी हलायचं नाही." ती गुडघ्यांवर मागे मागे सरकत उंबऱ्याच्या आत गेली. जाताना फरशीच्या आणि भिंतीच्या सांध्यावर तिची नजर गेली. तिथे केसाएवढी रेघ होती. मघाशी ती होती का? तिला सांगता आलं नसतं. "मशीनवाले, मशीन तिथेच ठेवा. आपटू नका, ठेवा. आता उठा आणि सावकाश माझ्याकडे या."

"अहो पण मशीन माझं नाही, भाड्याचं—"

"या."

तो आला. त्याच्या मागून धाकटा, एरवी बहिणीचा प्रत्येक शब्द वादाला काढणारा, मुकाट्याने आला. उंबऱ्याच्या आत पाय पडल्यावर त्याने भोकातला चिखल बघितला, पेन्सिलीचं टोक बघितलं. त्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बहिणीचा चेहरा कळत होता आणि तेवढं पुरेसं होतं.

"बाबा, आता तुम्ही."

"थांब, पाय पुसतो. टॉवेल कुठाय?"

"नका पुसू."

"ओल्या पायांनी घरात? तुझी आई असती तर—"

आणि बोलता बोलता बाबांनी पाय टबातून उचलले आणि, दुकानात हजार वेळा फिरवली असेल तशी, खुर्ची गर्रकन दाराकडे फिरवली.

टक् असा आवाज आला. लाकडी स्टुलाचा पाय मोडावा तेवढाच. रेघ आता रेघ राहिली नव्हती. तिच्यात नाणं मावलं असतं. आणि खालून, अंगणातून, इस्त्रीवाला करवादला, "काका! काय पाडताय वरून? पांढऱ्या शर्टावर सगळी माती झाली! आता हा धुणार कोण?"

इस्त्रीवाला. तो खाली आहे हे ती विसरलीच होती.

"दादा, बाजूला व्हा!" ती दारातून ओरडली. "टेबल सोडा आणि बाजूला व्हा!"

"अहो ताई, इस्त्री शर्टावर आहे, जळेल—"

"जळू दे! भिंतीला लागून उभे राहा! आधी हला तिथून!"

खालून पावलांचा आवाज आला. धाकटा आधीच जिन्याकडे पळाला होता, अंगणात कुणी येऊ नये म्हणून. जाताना त्याने चप्पलही घातली नाही. ड्रिलवाला भिंतीला पाठ लावून उभा होता आणि आपण मघाशी खटका दाबला होता हे आठवून आपल्याच बोटाकडे बघत होता.

बाबा आता तिच्या समोर होते. दोघांच्या मध्ये चार पावलांची बाल्कनी. त्यांनी रेघ बघितली होती. वस्तऱ्याच्या धारेवरची बारीक खाच ओळखणारे डोळे त्यांचे, त्यांना ती दिसणारच.

"सांग," ते म्हणाले.

"पाय फरशीवर टेका. आधी एक. आता दुसरा. खुर्चीच्या हातावर भार देऊ नका, उठताना झटका नको." ती उंबऱ्याच्या आत पालथी झाली आणि तिने दोन्ही हात बाहेर लांबवले. "पाऊल उचलू नका. सरकवत या. माझ्याकडे बघा, खाली नको."

"दाढी अर्धी ठेवून गिऱ्हाईक उठत नसतं," बाबा पुटपुटले. पण ओठ पांढरे पडले होते. ते उठले. सुजलेले, ओले, सुरकुतलेले पाय फरशीवरून सरकायला लागले. एक. थांबले. आणखी एक. तिला त्यांचा श्वास ऐकू येत होता. तिने आयुष्यात शेकडो इमारती तपासल्या, पण एखादी वस्तू पडू नये म्हणून तिने कधी कुणाची करुणा भाकली नव्हती. आता ती मनातल्या मनात त्या उरल्यासुरल्या सळयांच्या पाया पडत होती. धरा, एवढं माणूस आत येईपर्यंत धरा.

त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली. मग मनगट. तिने ओढलंच. बापलेक दोघंही आतल्या फरशीवर कोसळले, तिचा कोपर फुटला, बाबांचा चष्मा कुठेतरी घरंगळला. ड्रिलवाल्याने पुढे होऊन दोघांना दारापासून आणखी आत खेचलं.

बाल्कनी होती तिथेच होती. ऊन पडलं होतं, खुर्ची दाराकडे तोंड करून बसली होती, टबातलं पाणी किंचित हलत होतं. फरशीवर बाबांच्या ओल्या पावलांचे ठसे उमटले होते आणि उन्हाने त्यांच्या कडा वाळून तिथे बारीक पांढरी रेघ धरत होती.

"तू वाजवली होतीस ना?" बाबांनी विचारलं. त्यात आरोप नव्हता. म्हणूनच ते तिला सोसलं नाही.

"हो."

"मग?"

बाबांनी तिचा हात हातात घेतला, बोटाला लागलेला तपकिरी चिखल बघितला, चष्म्याशिवाय डोळे बारीक करून बघितला, आणि त्याचा वास घेतला. लोखंडाशी त्यांचाही जन्माचा संसार. ती लहान असताना ते वस्तरे सोड्याच्या पाण्यात उकळायचे, आणि हे गंजत कसे नाहीत, असं तिने विचारलं की सांगायचे, सोड्याच्या पाण्यात लोखंड झोपतं, त्याला काही होत नाही. पुढे कॉलेजात काँक्रीट शिकली तेव्हा तिने घरी येऊन त्यांनाच सांगितलं होतं, बाबा, सिमेंटचंही तसंच, आतून तुमच्या सोड्याच्या पाण्यासारखं असतं, सळईच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारं कवच चढतं, शंभर वर्षं गंजणार नाही. फक्त मीठ लागू द्यायचं नाही, मीठ त्या कवचाला भोक पाडतं. बाबांना ते इतकं आवडलं होतं की त्यांनी दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं.

"सोड्याच्या पाण्यात मीठ पडलं, होय गं?" ते म्हणाले. "माझं."

"मीठ तुमचं, बाबा. पण खालून वर्दी आली असती. त्याचं तोंड मी बांधून ठेवलं."

बाबा काही बोलणार होते. तेवढ्यात टब सरकला.

तो आपोआप सरकला, कठड्याच्या दिशेने, आणि त्यातलं पाणी एका बाजूने सांडायला लागलं. मग खुर्ची मागे कलली, एखाद्या गिऱ्हाइकाची दाढी करायची असावी तितक्या सवयीने. मोठा आवाज आधी झालाच नाही. दाराबाहेरची जमीन दाराला सोडून खाली वळली, कठडा आडवा झाला, आणि जिथे समुद्राची पट्टी दिसायची तिथे क्षणभर बाल्कनीचं रंगवलेलं, पांढरंशुभ्र, एकही डाग नसलेलं बूड दिसलं. मग ते गेलं. मग आवाज आला. घरातली भांडी वाजली, काचा वाजल्या, आणि धुळीचा लोट दारातून आत शिरला.

"दादा!" ती किंचाळली. "दादा, आहात का?"

उत्तर यायला वेळ लागला. 

"आहे!" खालून इस्त्रीवाल्याचा आवाज आला, चिरका, रडवेला. "आहे मी! टेबल गेलं! ताई, टेबल गेलं हो, मी आहे!"

"मीही आहे!" धाकटा ओरडला.

बाबांनी डोळे मिटले. ती उठून उभी राहिली. दाराच्या चौकटीला धरून तिने बाहेर बघितलं. उंबऱ्याखाली भिंतीतून सळयांची एक रांग बाहेर आली होती, बोटबोटभर, सगळ्या टोकदार. मध्ये दोनच जाड उरल्या होत्या, त्या वाकून खाली लोंबत होत्या. यंत्र दोनदा कण्हलं होतं, ते या दोघींसाठी. खाली अंगणात खुर्ची उलटी पडली होती आणि तिच्याखाली टेबलाचे तुकडे, शर्ट, आणि धूर सोडणारी इस्त्री.

धूळ खाली बसायला लागली, आणि तिला माणसांचा गलका ऐकू आला.

तिने मान वर केली. एवढा आवाज झाल्यावर कोण घरात बसेल? समोरच्या विंगमध्ये, वरच्या मजल्यावर, शेजारी, अख्खी सोसायटी काय झालं ते बघायला बाल्कन्यांत धावत आली होती. बायका, म्हातारे, कडेवर मुलं. एकेका बाल्कनीत अख्खी कुटुंबं कठड्यावरून वाकली होती, मागची पुढच्यांना रेटत होती. आणि त्या सगळ्यांच्या पायाखाली एकसारखा, पांढराशुभ्र, एकही डाग नसलेला रंग होता.

समुद्राचा खार तर पावसाबरोबर सगळ्यांच्याच बाल्कन्यांत मुरत होता. त्यातली कुठली आतून खाल्लेली आहे आणि कुठली नाही, हे तिला माहीत नव्हतं. या घटकेला ते जगात कुणालाच माहीत नव्हतं.

तिने तोंड उघडलं. किंकाळी फुटेल असं तिला वाटलं होतं, पण आला तो पुन्हा दुकानातलाच आवाज.

"हलू नका! कुणी पळायचं नाही, कुणी रेटायचं नाही. एकेक जण, पाय न आपटता, मागे सरका आणि आत जा. मुलं आधी. लगेच."

गलका थांबला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग एका बाल्कनीतले म्हातारे गृहस्थ मागे सरकले, त्यांच्या मागची सून मुलाला घेऊन आत गेली. दुसरी बाल्कनी रिकामी व्हायला लागली. तिसरी. ती एकेक बघत होती आणि प्रत्येक रिकाम्या बाल्कनीबरोबर थोडा श्वास घेत होती. बाबा मागून येऊन तिच्या दंडाला धरून उभे राहिले होते.

समोरच्या विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या कठड्यावर दोन्ही हात टेकून, काळजीने भरलेल्या डोळ्यांनी तिच्याकडेच बघत होत्या.

"अगं, तू आमची काळजी नको करू!" त्या ओरडून म्हणाल्या. "तू बाबांना सांभाळ! आमची तर तू परवाच वाजवून गेलीस की. खणखणीत आहे म्हणालीस!"

आणि तिला धीर यावा म्हणून काकूंनी टाच उचलली आणि बाल्कनीच्या फरशीवर दोनदा दणकून आपटून दाखवली. आवाज अगदी स्वच्छ आला.